खजुराच्या जातींचे पोषणमूल्य आणि रासायनिक घटक : प्रकल्प नोंदी, परभणी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

परभणी तालुक्यातील एका महिला बचत गटाला खजूर-शेंगदाणा लाडू आणि खारीक पावडर यांचे उत्पादन वाढवायचे आहे आणि त्यासाठी कोणता खजूर घ्यावा, हे त्यांनी आमच्याकडे विचारले आहे. गटाच्या अध्यक्ष ताईंचा प्रश्न नेमका होता : "सर, अजवा एवढा महाग मिळतो, म्हणजे त्यात रक्तवाढीचं काहीतरी जास्त असणारच ना?" या प्रश्नाचे उत्तर ऐकीव माहितीवर न देता तपासून द्यायचे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

जाती निवडताना मराठवाड्याच्या बाजारात नेहमी मिळणारा माल हाच निकष ठेवला. मूळचा मोरोक्कोचा मेडजूल, अल्जीरिया-ट्युनिशियाचा देगलेत नूर, मदिनेचा अजवा, इकडे कलमी या नावाने विकला जाणारा सफावी, किमिया म्हणून डब्यातून येणारा इराणचा मझाफाती, इराकचा झाहिदी आणि किराणा दुकानातील खारीक यांचे नमुने घ्यायचे ठरले. सर्व नमुने फिनिक्स डॅक्टिलिफेरा या एकाच प्रजातीचे आहेत. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणारी शिंदी ही फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, म्हणजे त्याच कुळातील वेगळी प्रजाती असून तिचे फळ या अभ्यासात घेतलेले नाही.

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

नमुने खरेदी केले. काल महाशिवरात्र झाली आणि रविवारपासून रमजानचे रोजे सुरू होत आहेत, त्यामुळे वर्षभरात खजुराला एवढा उठाव क्वचितच असतो. परभणीत झाहिदी, मझाफाती आणि खारीक मिळाली. अजवा, सफावी, मेडजूल आणि देगलेत नूर छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातून आणले. प्रत्येक जातीचा माल एकाहून अधिक दुकानांतून घेतला, कारण एकाच पेटीतील फळांवरून जातीविषयी विधान करता येत नाही.

देगलेत नूरच्या एका पाकिटावर घटकांमध्ये खजुराबरोबर ग्लुकोज सिरप असे बारीक अक्षरांत छापलेले होते. फळाला तकाकी यावी म्हणून असा पाक चढवला जातो. ते पाकीट बाजूला ठेवले, कारण शर्करेच्या तपासणीत बाहेरून लावलेले ग्लुकोज आणि फळातील ग्लुकोज यांत भेद करता येणार नाही. सुट्या मालाला लेबलच नसते, तेव्हा तिथे अशी शंका घेण्यापुरताही आधार नाही. म्हणून चकाकणारी सुटी फळे घेतली नाहीत.

६ मार्च २०२५, गुरुवार

नमुने तयार करण्याचे काम पूर्ण झाले. फळाची देठाकडील टोपी आणि बी काढून गर वेगळा केला व दोन्हींचे वजन घेतले. खजुरात बीचे वजन साधारणपणे फळाच्या १० ते १५ टक्के भरते आणि आमचे बहुतेक नमुने याच मर्यादेत बसले. मेडजूलचे फळ मोठे व गर भरपूर, म्हणून त्यात बीचा वाटा सर्वांत कमी आला. मिक्सरमध्ये खजुराचा चिकट गोळा होतो आणि तो पात्याभोवती गुंडाळला जातो, तेव्हा गराचे बारीक तुकडे रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवून मगच दळले. खारकेला ही अडचण आली नाही.

प्रत्येक नमुन्याचे दोन भाग केले : एक आहे तसा, दुसरा ऊर्ध्वपातित पाण्याने झटपट धुऊन टिपकागदाने कोरडा केलेला. या दुसऱ्या भागाचा उपयोग खनिजांच्या वेळी होईल.

१८ मार्च २०२५, मंगळवार

आर्द्रतेची तपासणी झाली. धान्यासाठी नेहमी वापरतो तो १०५ अंश सेल्सिअसचा ओव्हन इथे चालत नाही. त्या तापमानाला फ्रुक्टोजचे विघटन होऊन त्यातूनही पाणी निघते, फळ करपते आणि वजनातील घट आर्द्रतेपेक्षा जास्त दिसते. सुक्या फळांसाठी ७० अंशांवर निर्वात ओव्हन वापरण्याची प्रमाणित पद्धत याच कारणाने आहे. गर वाळूत कालवून पसरला, म्हणजे वर साय धरून आतले पाणी अडकून राहत नाही.

निकालांतील क्रम अपेक्षेप्रमाणे आला. मझाफाती सर्वांत ओला, मेडजूल आणि अजवा मध्यम, झाहिदी त्याहून कोरडा आणि खारीक सर्वांत शेवटी. हा क्रम पुढील प्रत्येक तक्त्यावर परिणाम करणार आहे, म्हणून त्याबद्दल इथेच सविस्तर लिहितो. खजुराच्या पोषणमूल्याचे जे आकडे आपण वाचतो ते बहुधा खाण्याच्या स्थितीतील १०० ग्रॅम फळाचे असतात. एका जातीत ३० ग्रॅम पाणी आणि दुसरीत १५ ग्रॅम पाणी असेल, तर दुसरीतील शर्करा, तंतू, पोटॅशियम हे सर्व काही न करताच जास्त दिसते, आणि वाचणारा ते जातीचे वैशिष्ट्य समजतो. प्रत्यक्षात तो फरक पिकण्याचा, सुकवण्याचा आणि साठवणीचा असतो; मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेला मझाफाती महिनाभरात वेगळेच आकडे देईल. म्हणून या प्रकल्पातील सर्व तुलना शुष्क पदार्थाच्या पायावर, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या हिशेबाने, करायच्या आणि खाण्याच्या स्थितीतील आकडे केवळ आहाराचा हिशेब करताना वापरायचे, असे ठरवले आहे.

२ एप्रिल २०२५, बुधवार

शर्करेची तपासणी लेन-आयनॉन पद्धतीने केली. अर्क लेड ॲसिटेटने स्वच्छ करून जास्तीचे शिसे पोटॅशियम ऑक्झलेटने काढले, उकळत्या फेलिंग द्रावणात (तांब्याचे निळे द्रावण) ब्युरेटमधून अर्क सोडला आणि मिथिलिन ब्लूचा निळा रंग जाऊन तांबूस साका दिसताच थांबलो. ही पहिली पायरी फक्त ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोजते, कारण क्षपण करण्याची, म्हणजे समोरच्या द्रव्याला इलेक्ट्रॉन देण्याची, क्षमता त्यांनाच आहे. सुक्रोज, म्हणजे घरातली नेहमीची साखर, फेलिंगला प्रतिसाद देत नाही. त्यासाठी अर्काचा दुसरा भाग हायड्रोक्लोरिक आम्लाने तोडून पुन्हा मोजला. दोन्ही मापांतील फरकाला ०.९५ ने गुणले की सुक्रोज मिळते. हा गुणक येतो तो रेणुभारांतून : ३४२ भार सुक्रोजला १८ भार पाणी जोडले जाऊन ३६० भार साध्या शर्करा तयार होतात आणि ३४२ भागिले ३६० म्हणजे ०.९५.

आतापर्यंतच्या कामात जातींमधील सर्वांत ठळक फरक इथे दिसला. मेडजूल, अजवा आणि मझाफाती यांच्या आम्लापूर्वीच्या आणि नंतरच्या मापांत नाव घेण्याजोगा फरक नाही, देगलेत नूरमध्ये मात्र तो मोठा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातही हेच दिसते. तिथे १०० ग्रॅम मेडजूलमध्ये ग्लुकोज ३३.७, फ्रुक्टोज ३२ आणि सुक्रोज अवघे ०.५ ग्रॅम आहे. देगलेत नूरमध्ये ग्लुकोज १९.९, फ्रुक्टोज १९.६ आणि सुक्रोज २३.८ ग्रॅम. एकूण शर्करा अनुक्रमे ६६.५ आणि ६३.४ ग्रॅम, म्हणजे गोडी जवळपास सारखी. पण देगलेत नूरच्या शर्करेचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग सुक्रोजच्या, म्हणजे नेहमीच्या साखरेच्याच, रूपात आहे आणि मेडजूलमध्ये ती जवळजवळ संपलेली आहे.

याचे कारण फळाच्या पक्वतेत आहे. अरबी नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अवस्थांपैकी किमरीत फळ हिरवे व पाणीदार असते, खलालमध्ये ते पूर्ण वाढून पिवळे किंवा लाल होते आणि त्यात मुख्यतः सुक्रोज साठते, रुतबमध्ये फळ मऊ पडू लागते आणि इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज तोडू लागते, तर तमर ही सुकलेली, टिकाऊ अवस्था आहे. मऊ जातींमध्ये हे विकर आपले काम पूर्ण करते, अर्धकोरड्या व कोरड्या जातींमध्ये ते अर्धवट राहते.

खारकेने या स्पष्टीकरणाला चांगला दुजोरा दिला. खारकेसाठी खलाल अवस्थेतील फळे उकळून मग वाळवतात. उकळल्याने इन्व्हर्टेज निष्क्रिय होते, त्यामुळे त्या क्षणी जेवढे सुक्रोज होते त्यातील बरेचसे तसेच कायम राहते. आमच्या खारकेच्या नमुन्यात आम्लानंतरचे माप लक्षणीय वाढले. खारीक कडक असते आणि दुधात उकळल्याशिवाय मऊ होत नाही, याचे मूळही पेक्टिन विरघळण्याआधीच पिकणे थांबवण्यात आहे.

९ एप्रिल २०२५, बुधवार

ऊर्जेच्या आकड्यांबाबत छोटी नोंद. प्रथिने व कर्बोदके यांना ४ आणि स्निग्धांशाला ९ या नेहमीच्या गुणकांनी मेडजूलची ऊर्जा १०० ग्रॅममागे सुमारे ३०८ किलोकॅलरी येते, तक्त्यात मात्र २७७ दिली आहे. तक्त्याने फळांसाठीचे खास गुणक वापरले आहेत, त्यांत कर्बोदकांना ३.६ धरतात. दोन पाकिटांवरील कॅलरींची तुलना करून एक खजूर हलका आणि दुसरा जड ठरवणाऱ्यांनी आधी गुणक पाहावेत.

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

खनिजांची तपासणी संपली. ५५० अंशांच्या भट्टीत राख करून पोटॅशियम व सोडियम फ्लेम फोटोमीटरवर आणि लोह ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर २४८.३ नॅनोमीटरला मोजले. मधल्या काळात दुपारच्या भारनियमनामुळे भट्टीचे काम रात्री करावे लागले.

पोटॅशियमबाबत मतभेदाला जागा नाही. प्रत्येक जातीत ते भरपूर आहे, सोडियम नगण्य आहे आणि शुष्क पायावर जातींमधील फरक फार मोठे नाहीत. प्रकाशित आकडेही मेडजूलसाठी ६९६ आणि देगलेत नूरसाठी ६५६ मिलिग्रॅम असे जवळजवळच आहेत. मॅग्नेशियम अनुक्रमे ५४ आणि ४३ मिलिग्रॅम. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियमवर बंधन असेल तर खजूर मोजून खावा लागतो, ही सूचना लाडवाच्या पाकिटावर असायला हरकत नाही.

लोहाचा विषय मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गटाचा मूळ प्रश्न तोच होता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या, कित्येक दशके वापरात असलेल्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम सुक्या खजुरात ७.३ मिलिग्रॅम लोह दिले आहे. आपल्याकडील आहारविषयक पुस्तिकांतून, आरोग्य शिबिरांतून आणि गावोगावच्या भिंतीपत्रकांतून फिरणारा आकडा बहुधा हाच आहे. अमेरिकी तक्त्यात मेडजूलला ०.९ आणि देगलेत नूरला १ मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. सातपटीची ही तफावत जातींच्या फरकाने समजावून सांगता येईल का, हे पाहण्यासाठी जुन्याच तक्त्यातील ताज्या आणि सुक्या खजुराच्या नोंदी शुष्क पायावर मांडल्या.

ताज्या खजुराची आर्द्रता तिथे ५९.२ टक्के आणि लोह ०.९६ मिलिग्रॅम आहे, म्हणजे १०० ग्रॅम शुष्क पदार्थामागे सुमारे २.४ मिलिग्रॅम. सुक्या खजुराची आर्द्रता १५.३ टक्के असल्याने त्याचे लोह शुष्क पायावर सुमारे ८.६ मिलिग्रॅम होते. फळ वाळवल्याने पाणी जाते. लोह नव्याने तयार होत नाही. कॅल्शियमही याच पायावर ५४ वरून १४२ मिलिग्रॅमवर जाते आणि फॉस्फरस उलट ९३ वरून ५९ वर उतरतो. एकच फळ सुकवल्याने खनिजे अशी एकाच वेळी वर आणि खाली जाऊ शकत नाहीत. तेव्हा या दोन नोंदी वेगवेगळ्या मालाच्या आहेत, आणि सुक्याचा आकडा ताज्यावरून पुढे वाढत गेला असे मानून त्याचा "सुकवल्याने लोह वाढते" असा अर्थ लावणे चूक आहे.

आमच्या धुतलेल्या आणि न धुतलेल्या भागांतील तुलनेने एक शक्य कारण पुढे आणले. पाकीटबंद मेडजूल आणि अजवा यांत धुण्याने लोहात विशेष फरक पडला नाही. गोणीतून सुट्या विकल्या जाणाऱ्या खारकेत आणि झाहिदीत तो स्पष्ट पडला. खारकेच्या सुरकुत्यांत बसलेली धूळ लोहयुक्त असते आणि आम्लात ती फळाबरोबरच विरघळून यंत्राला लोह म्हणूनच दिसते. जुन्या आकड्यामागे हेच कारण असेल असे मी म्हणत नाही, पण न धुता केलेली तपासणी जास्त लोह दाखवू शकते, एवढे आमच्या नमुन्यांवरून सांगता येते.

आता आहाराचा हिशेब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. बी काढलेला एक मेडजूल सुमारे २४ ग्रॅमचा धरला, तर चार फळांतून साधारण ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या ३ टक्के लोह मिळते. तेही वनस्पतिजन्य लोह, ज्याचे शोषण कमी होते; शिवाय खजुरातील पॉलिफेनॉल (अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखली जाणारी वनस्पतिजन्य संयुगे) त्याला बांधून ठेवतात आणि शोषणाला मदत करणारे क जीवनसत्त्व सुक्या खजुरात जवळजवळ नसते. अजवाने या बाबतीत कोणतेही वेगळेपण दाखवले नाही.

६ मे २०२५, मंगळवार

पॉलिफेनॉलची तपासणी फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने, गॅलिक आम्लाच्या तुलनेत, केली. अजवा आणि सफावी या काळसर जाती वर आल्या, परंतु या निकालावर मी फार भार देणार नाही. फोलिनचे द्रव्य केवळ पॉलिफेनॉलशी क्रिया करत नाही. क्षपणकारी शर्करांशीही करते, आणि खजुराच्या अर्कात शर्करा इतकी असते की ती आकडा फुगवते. घनअवस्था स्तंभातून अर्क गाळून शर्करा धुऊन काढल्यावर सर्वच आकडे खाली आले आणि जातींमधील अंतरही घटले. "अमुक खजुरात अँटिऑक्सिडंट तमुकपट" अशी विधाने वाचताना अर्क स्वच्छ केला होता का, हे पाहायला हवे. काळा रंग हाही पुरावा नव्हे. त्यात विकरजन्य तपकिरीपणा आणि शर्करा-अमिनो आम्लांच्या क्रियेतून येणारा रंग यांचाही वाटा असतो.

खारकेच्या व्यापाऱ्याकडून समजले की माल आता आखडेल. पाकिस्तानच्या सिंध प्रांतातून येणाऱ्या खारकेवर फेब्रुवारी २०१९ पासून २०० टक्के आयात शुल्क होतेच. २ मे रोजी केंद्राने तिकडून होणारी प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष अशी सर्व आयात बंद केली. गटाच्या खारीक पावडरीच्या हिशेबावर याचा परिणाम होणार आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

२७ मे २०२५, मंगळवार

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले. उघड्या बशीत ठेवलेले मेडजूलचे तुकडे ओलसर आणि चिकट झाले. खारकेचे तुकडे त्या मानाने कोरडेच राहिले. फ्रुक्टोज हवेतील बाष्प ओढते, सुक्रोज तेवढे ओढत नाही. २ एप्रिलची शर्करेची नोंद आणि लाडू पावसाळ्यात किती दिवस टिकतील हा प्रश्न इथे एकमेकांना मिळतात. जलक्रियाशीलता (बुरशीला वापरता येणाऱ्या मोकळ्या पाण्याचे माप) ०.६५ च्या खाली ठेवली तर बुरशीचा धोका बराच कमी होतो, आणि मझाफातीचे लाडू त्या मर्यादेत ठेवणे कठीण जाईल.

तंतूंबाबत थोडक्यात. जुन्या तक्त्यातील ३.९ ग्रॅम हा आम्ल व अल्कलीने उकळून उरलेला कच्चा तंतू आहे. त्यात पेक्टिन व हेमिसेल्युलोज निघून जातात. विकरांच्या आधुनिक पद्धतीने मेडजूलला ६.७ आणि देगलेत नूरला ८ ग्रॅम दिले आहेत. आम्ही हीच पद्धत वापरली. बिया वाया न घालवता वाळवून ठेवल्या आहेत. बीत थोडे तेल असते, त्यात ओलेइक आणि लॉरिक ही मेदाम्ले मुख्य आहेत, आणि बाकीचा बराच भाग मॅनन या कठीण बहुशर्करेचा आहे. इस्रायलमधील मसाडा या प्राचीन किल्ल्यात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची बी २००५ मध्ये रुजली, हे वाचल्यापासून आमच्या चक्कीने या बियांपुढे हात का टेकले याचे मला नवल वाटत नाही.

२६ जून २०२५, गुरुवार

कच्छची पिवळी बरही ही खजुराची जात बाजारात आली. तिकडे जून-जुलैत पाऊस येत असल्याने फळ झाडावर तमर होईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून ते खलाल अवस्थेतच काढतात; कच्छी खारेकला (तिकडच्या ताज्या खजुराचे नाव, आपली सुकी खारीक नव्हे) २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मराठवाड्यातही काही शेतकऱ्यांनी बरहीची ऊतिसंवर्धित रोपे लावली आहेत आणि त्यांनाही हीच अवस्था साधावी लागते.

बरहीत निम्म्याहून अधिक पाणी आणि शर्करेत सुक्रोजचे वर्चस्व, असे सर्व अपेक्षेप्रमाणे निघाले. त्याच घाऊक बाजारातून आणलेली एक लाल, नाव न सांगता आलेली जात चवीला इतकी तुरट होती की दुसरा घास घेववेना. विद्राव्य टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधतात, म्हणून जीभ ओढली जाते. पुढे रुतबमध्ये हेच टॅनिन एकमेकांना जोडून अविद्राव्य होतात आणि तुरटपणा जातो. ते फळातून नाहीसे होत नाहीत. बरहीत ते मुळातच कमी असल्याने ती कच्ची खाता येते. लाल जातीची काही फळे गोठवून पुन्हा वितळवली, तेव्हा ती मऊ पडली आणि तुरटपणा बराच कमी झाला. पेशी फुटल्याने टॅनिन आणि विकरे एकत्र येतात, हे त्याचे कारण आहे. ज्यांचा माल पावसात सापडतो त्या बागायतदारांच्या हे कामाचे आहे.

३० जून २०२५, सोमवार

बचत गटाला द्यायचे टिपण आज पूर्ण केले. लाडवांसाठी झाहिदी सुचवला आहे : तो कमी ओला, दळायला सोपा आणि स्वस्त आहे, आणि शुष्क पायावर त्याची पोटॅशियम व तंतूंची मापे महाग जातींच्या मागे नाहीत. माल वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात किंवा ड्रायरमध्ये कोरडा करावा, असे स्पष्ट लिहिले. पाकिटावर "लोहयुक्त" असे छापू नये, असेही लिहिले, कारण नियमानुसार एखाद्या खनिजाचा स्रोत म्हणवण्यासाठी १०० ग्रॅममागे शिफारशीच्या किमान १५ टक्के ते असावे लागते आणि खजूर एकट्याने तिथे पोचत नाही. लोह वाढवायचे असेल तर लाडवात अळीव आणि तीळ घालावेत आणि लाडवासोबत आवळा किंवा लिंबूपाणी घ्यावे.

मधुमेही ग्राहकांबद्दलही ताईंनी विचारले होते. संयुक्त अरब अमिरातीतील २०११ च्या एका अभ्यासात पाच जातींचा ग्लायसेमिक निर्देशांक (खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वाढते याचे माप) ४६ ते ५५ आढळला, म्हणजे तो फार वर नाही. पण वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शर्करेचाच असल्याने किती खाल्ले याला निर्देशांकापेक्षा अधिक महत्त्व आहे. तेव्हा "साखर न घातलेले" हे शब्द खरे असले तरी त्यांच्या शेजारीच एका लाडवातील एकूण शर्करा ग्रॅममध्ये छापावी, असे टिपणात नमूद केले. अळीव घातलेल्या लाडवांचे नमुने गट पुढील आठवड्यात पाठवणार आहे. त्यांची आर्द्रता, जलक्रियाशीलता आणि लोह हीच मापे घ्यायची आहेत.